भुताची पोचपावती

आधी आकडा सांगते, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा तो कुणी लिहिलेला सापडला नव्हता. १०,५०० रुपये. एवढ्यात आमची हॉरर शॉर्ट फिल्म झाली. एका दिवसात, उघड्यावर, ठाण्यात येऊरला, गुरुवारी ६ फेब्रुवारी २०२५ ला. त्या एका दिवसाच्या आधी दीड महिना कागद गोळा करण्यात गेला आणि प्रत्यक्ष शूटिंगला त्यातला एकच कागद कामी आला. तो नसता तर आमचं भूत दुपारी पोलीस ठाण्यात बसलं असतं.

थर्ड इयरचा प्रोजेक्ट. आम्ही आठ जण, त्यात मुख्य पाच. नावं लिहीत नाही, कामांवरूनच ओळखा: मी दिग्दर्शक, एक कॅमेरावाला, एक साउंडवाला, एक प्रॉडक्शनवाली (सगळे फोन तिने केले, सगळ्या शिव्या तिने खाल्ल्या) आणि आमचं भूत. उरलेले तिघे ज्युनियर. थर्माकोल धरायला, क्लॅप द्यायला आणि माकडं हाकलायला.

गोष्ट चकव्याची. एक तरुण शिक्षिका संध्याकाळी नेहमीच्या वाटेने घरी निघालीय. वाट पायाखालची, पण ती फिरून फिरून त्याच एका झाडापाशी येते. तिसऱ्यांदा येते तेव्हा झाडाखाली कुणीतरी पाठमोरं उभं असतं, आणि ती तीच असते. शिक्षिका आणि भूत एकाच मुलीने करण्यामागे मोठा विचार आहे असं आम्ही सरांना सांगितलं. खरं कारण, दुसऱ्या मुलीचा चहा-नाश्ता बजेटमध्ये बसत नव्हता.

स्क्रिप्ट २० डिसेंबरला पास झाली. २९ तारखेला, रविवारी, रेकीला, म्हणजे जागा बघायला, येऊरला गेलो आणि तिथेच पहिली चूक केली. रविवारी सकाळी येऊर म्हणजे संध्याकाळची तलावपाळी, ठाण्यातला गजबजलेला तलावकाठ. चालणारे, सायकलवाले, चहावाले. एकाही झाडाखाली भूत उभं करायला जागा नव्हती. रेकी नेहमी ज्या वारी शूटिंग त्याच वारी आणि त्याच वेळेला करावी. आम्ही मग २ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी सातला पुन्हा गेलो. रस्ता तोच, पण गाव वेगळं वाटलं.

वनखात्याच्या नाक्याच्या आतली एक जागा आवडली. तिथल्या वनरक्षकदादांनी शांतपणे विचारलं, "परवानगी?" येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, हे ठाण्यात जन्म काढूनही मला नीट ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी येऊर म्हणजे मागचा डोंगर. कायद्यासाठी ते राष्ट्रीय उद्यान. म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू. आत शूटिंग करायचं तर उद्यानाच्या बोरिवलीच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करायचा. ८ जानेवारीला मी आणि प्रॉडक्शनवाली घोडबंदर रोडने बसने बोरिवलीला गेलो. तिथल्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं. काय शूट करणार, किती माणसं, किती सामान, किती वेळ, सगळं लेखी द्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "आणि रात्रीचं विसरा. रात्री जंगल बिबट्याचं असतं."

आमची स्क्रिप्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रात्रीची होती.

हे वाचून कुणी आता अशाच खटपटीत असेल तर एक सांगते. सरकारी मालकीच्या जागांवर शूटिंग करायचं असेल तर राज्य सरकारची ऑनलाइन एक खिडकी योजना आहे. ती महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ चालवतं, तेच गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीवालं. हातात दोन-तीन महिने असतील तर तिथून सुरुवात करा. आमच्या हातात चार आठवडे होते, म्हणून आम्ही तिसरी वाट धरली: खासगी जागा.

भुताच्या वडिलांच्या ऑफिसमधले एक काका निवृत्त होऊन येऊर गावाकडच्या आपल्या वाडीवर राहतात. जंगलाच्या हद्दीबाहेर, कुंपण घातलेली जागा, आत आंबा, जांभूळ, साग आणि अगदी मागच्या टोकाला एक जुना ऐन. ऐनाची साल कधी जवळून बघितली नसेल तर बघा, मगरीच्या पाठीसारखी असते, चौकोनी चौकोनी तडकलेली. कॅमेरावाल्याने हात फिरवला आणि म्हणाला, "लायटिंग नको, मेकअप नको, हे झाड असंच भीतीदायक आहे."

काकांनी पैसे घेतले नाहीत, अटी घातल्या. जाळ करायचा नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. आणि संध्याकाळी सातच्या आत गेटबाहेर. "बिबट्या काय करत नाही हो," काका म्हणाले, "पण माझ्या कुत्र्याला तो येण्याआधी मला आत घ्यायचं असतं, आणि तुम्ही असलात की ते आत येत नाही."

म्हणजे रात्र इथेही नाहीच.

तेव्हा कॅमेरावाल्याने 'डे फॉर नाइट' काढलं. दिवसा शूट करायचं आणि रात्र दाखवायची. जुनीच युक्ती आहे. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली ठेवायचं म्हणजे चित्र मुद्दाम काळोखं येतं, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर न्यायचा म्हणजे सगळं निळसर दिसतं, सूर्य पात्राच्या मागून किंवा बाजूने येईल असं उभं राहायचं म्हणजे उन्हाची कड चांदण्यासारखी वाटते. आणि आकाश फ्रेममध्ये अजिबात घ्यायचं नाही. आकाश दिसलं की लबाडी उघडी पडलीच. १९ जानेवारीला सोसायटीच्या बागेत चाचणी घेतली. निकाल बघून माझी आई म्हणाली, "नीळ जास्त झालेली चादर दिसतेय." बरोबर होतं. मग निळा कमी केला, काळा वाढवला. तिसऱ्या चाचणीला आई काही बोलली नाही, ते आम्ही पास धरलं.

आता कागद. इथे जरा दम धरा.

कॉलेजचं पत्र: 'सदर विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लघुपट करत आहेत, व्यावसायिक हेतू नाही.' तीन ओळींचं पत्र, तीन सह्या, नऊ दिवस. १३ जानेवारीला टाकलं, २२ ला हातात पडलं. एक सही करणारे रजेवर, दुसऱ्यांना तिसऱ्यांची सही आधी हवी, तिसऱ्यांना दुसऱ्यांची. शेवटी प्रॉडक्शनवालीने दोन वेगवेगळ्या प्रतींवर दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोघांना एकमेकांच्या दाखवल्या. हे सुचायला आम्हाला आठ दिवस लागले.

काकांचं संमतीपत्र: हे स्टॅम्प पेपरवर लागेल असं कुणीतरी ठामपणे सांगितलं. गेलो तर कळलं की ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जमाना गेला, आता पाचशेचा. पाचशे म्हणजे आमचा सकाळचा नाश्ता. शेजारी टायपिंग करणारे काका म्हणाले, "कुणी मागितलाय का पण स्टॅम्प?" कुणीच मागितला नव्हता. साध्या कागदावर वाडीच्या काकांची सही, तारीख, जागेचा पत्ता आणि वीजबिलाची झेरॉक्स, एवढ्यावर भागलं. कुठलाही कागद विकत घ्यायच्या आधी तो कुणाला द्यायचाय ते विचारा.

पोलिसांना पत्र: खासगी जागेत, दिवसा, जनरेटर नाही, लाउडस्पीकर नाही, मग पोलिसांना कशाला कळवायचं यावर आमच्यात भांडण झालं. मी 'नको'च्या बाजूची होते. प्रॉडक्शनवाली 'हवं'च्या. ती एकटीच २८ जानेवारीला स्थानिक ठाण्यात गेली. माणसांची यादी आणि आधारची झेरॉक्स आणा म्हणाले. ३० ला परत गेली. पत्राच्या दोन प्रती नेल्या, एक त्यांनी ठेवली, दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही. ही 'पोच'. परवानगी नव्हे हं, नुसती पोच, की तुम्ही आम्हाला कळवलंय. तिने ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि मला म्हणाली, "तू हसतेयस ना, हस."

१ फेब्रुवारीला माघी गणेश जयंती होती, त्यामुळे मेकअप करणारी ज्युनियर तीन दिवस मंडळात. रक्त मीच केलं. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज, लाल खायचा रंग, चमचाभर कोको पावडर. नुसता लाल रंग घातला तर रक्त सरबतासारखं दिसतं, कोकोने ते रक्तासारखं होतं. दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घातलं तर कपड्यावरून लवकर निघतं, पण मग ते तोंडाजवळ लावू नका. घट्टपणा छान आला होता. बोटावरून हळूच ओघळायचं. त्यात किती साखर आहे याचा विचार मी केला नाही.

साडी आईची. मोतिया रंगाची, लाल काठाची, सुती. एकच. म्हणजे वेळापत्रक साडीने ठरवलं: सगळे स्वच्छ शॉट आधी, रक्ताचे नंतर. उजेडाने सांगितलं त्याच्या बरोबर उलटं, पण उजेड बदलून मिळत नाही आणि साडीही.

६ तारीख. कॉलटाइम पहाटे साडेपाच, ठाणे स्टेशन पश्चिम. मी पाच वीसला पोचले तर भूत आधीच चहा पीत उभं. कॅमेरावाला सहाला आला. एका ज्युनियरच्या मामांची ईको गाडी होती, सामान आणि पाच जण त्यात, बाकीचे रिक्षाने. डोंगराच्या पायथ्याच्या उपवनपासून चढ लागला तेव्हा अजून अंधारच होता, आणि आम्हाला हवी ती रात्र खिडकीबाहेर फुकट वाया जात होती.

सूर्य सात-दहाच्या सुमाराला उगवणार, पहिला शॉट साडेसातला. लागला आठ वीसला. वाटेत काय झालं? नारळ. नारळ आणला होता, कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावलं, पण फोडायला दगड मिळेना. काकांच्या अंगणात सगळीकडे फरशी. शेवटी पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर फोडला. भुताची फिल्म करताना देवाला नारळ का, असं ज्युनियरने विचारलं. साउंडवाला म्हणाला, "भूत आपल्या बाजूचं आहे, कार्डचं काय?" मेमरी कार्डावर त्याचा विश्वास नसतो. बरोबर होता. दहाला एक कार्ड एरर देऊन बसलं, सुदैवाने कॉपी झालेलं. दर दीड तासाने लॅपटॉपवर कॉपी करायचं काम एका माणसाकडे द्या आणि त्याला दुसरं काहीही सांगू नका.

सकाळचे दोन तास मात्र फार सुंदर गेले. फेब्रुवारीत येऊरला पानगळ असते. वाटेवर सागाची पानं, पापडासारखी. शिक्षिका चालायची तेव्हा पावलापावलाला चुर्र आवाज, आणि हेडफोन लावून साउंडवाला डोळे मिटून उभा. अडचण एकच: बाकीचे आम्ही सात जण त्याच पानांवर उभे. 'सायलेन्स' म्हटल्यावर कुणी नुसता वजनाचा पाय बदलला तरी टेक एनजी, म्हणजे बाद. चौथ्या टेकनंतर सगळ्यांनी बूट काढले. मग काटे लागले. मग काकांच्या घरातली जुनी पायपुसणी आणून प्रत्येकाने एकेका पायपुसण्यावर उभं राहायचं ठरलं. सात माणसं, सात पायपुसणी, मध्ये भूत चालतंय. हा फोटो माझ्याकडे आहे.

आणि तांबट. नऊ वाजता सुरू झाला, टुक, टुक, टुक, टुक. छोटा हिरवा पक्षी, दिसत तर नाहीच, पण तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज न थांबता. म्हणून तर नाव तांबट. चित्र रात्रीचं, आवाज टळटळीत दिवसाचा. साउंडवाल्याने बाराव्या मिनिटाला हेडफोन काढून झाडाकडे बघत हात जोडले. उपयोग झाला नाही.

साडेदहाला माझी सगळ्यात मोठी चूक. झाडामागून ऊन छान येत होतं, म्हणून मी ठरवलं की भुताचा एक शॉट आत्ताच उरकून घेऊ. रक्त लावलं. मानेवर, पदरावर, डाव्या हातावर. शॉट झाला. मग ऊन डोक्यावर आलं, सावल्या आखडल्या, आणि साडेतीनपर्यंत काहीच करता येण्यासारखं नव्हतं. रक्त पुसलं तर दुपारी तसंच्या तसं लागणार नाही. म्हणजे भुताने पाच तास तसंच बसायचं.

वीस मिनिटांत मुंग्या आल्या.

आधी तिला वाटलं केस टोचताहेत. मग मी जवळ जाऊन बघितलं. कानाच्या खाली, जिथे ग्लुकोज जाड होतं तिथे, काळ्या मुंग्यांची बारीक रांग साडीच्या काठावरून, खांद्यावरून वर येत होती, शिस्तीत, रेशनच्या दुकानात असते तशी. ती जागची हलली नाही. फक्त म्हणाली, "मी ओरडू का? स्क्रिप्टमध्ये आहे तशी?" मुंग्या झटकल्या, मान पुसली, वाळलेलं रक्त तेवढं राहू दिलं. मग काकूंनी घरातून लक्ष्मणरेषेचा खडू आणला. अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर भूत, आणि भुताभोवती काकूंनी स्वतः वाकून काढलेली लक्ष्मणरेषा. रामायणात रेषा आतल्या बाईला वाचवायला होती, इथेही तेच, पण बाहेरचा रावण फार छोटा होता. पुढच्या वेळी मी ग्लिसरीनमध्ये रंग घालीन. केमिस्टकडे मिळतं, गोड असतं पण मुंग्यांना तेवढं आवडत नाही, असं नंतर स्वयंपाकघरात दोन बशा ठेवून बघितलंय.

पावणेबाराला जेवण. माकडांनी वडापावची एक पिशवी आधीच नेली होती, दुसरी वाचली. भूत रेषेच्या आत बसून वडापाव खात होतं. ती खुर्ची कुंपणाच्या बाजूला, कुंपणापलीकडे रस्ता. रस्त्यावरून कोण गेलं ते आम्ही बघितलं नाही. त्याने मात्र बघितलं: रक्ताने माखलेली साडी, मोकळे केस, आजूबाजूला चार-पाच मुलं, आणि जमिनीवर पांढरं वर्तुळ.

त्याने ११२ ला फोन केला. त्याच्या जागी मी असते तर मीही केला असता.

पंधरा-वीस मिनिटांत गेटवर मोटारसायकल. दोन पोलीस. त्यातले मोठे थेट आत आले आणि विचारलं, "मुलगी कुठाय?" भूत उभं राहिलं. तोंडात वडापाव, त्यामुळे बोलता येईना, तिने फक्त हात वर केला. त्या हातावरही रक्त. धाकटे पोलीस एक पाऊल मागे सरकले, हे मी शपथेवर सांगते. काका घरातून येईपर्यंत प्रॉडक्शनवाली फोल्डर घेऊन पोचली होती. पोच. शिक्का त्यांच्याच ठाण्याचा, तारीख ३० जानेवारी, खाली आठ नावं. साहेबांनी यादीतलं एकेक नाव वाचून माणसं मोजली. आठ भरली. मग भुताकडे बघून विचारलं, "हे कशाचं केलंय?" कोको पावडर ऐकल्यावर त्यांना हसू आलं. जाताना म्हणाले, "गेटवर पाटी लावा ना. लोक घाबरतात." खडूने पुठ्ठ्यावर 'चित्रीकरण सुरू आहे' लिहून लावलं. ही पाटी सकाळी सातला लावायची असते.

मी प्रॉडक्शनवालीकडे बघितलं नाही. तीही काही बोलली नाही. तिने फोल्डरची चेन लावली, एवढंच. त्या चेनचा आवाज मला अजून आठवतो.

दुपारी दोनच्या सुमाराला वाडीत काम करणाऱ्या दादांची आई पाड्यावरून आली. लेकाचा डबा घेऊन आली होती, बसली आमच्यात. गोष्ट काय म्हणाली. मी सांगितली. तिसऱ्या वेळी ती स्वतःलाच बघते आणि जोरात ओरडते, असं म्हटल्यावर आजीने मान हलवली.

"ओरडते कशाला, बाय? चकवा लागलेला माणूस ओरडत नाही. त्याला कळतच नाही लागलाय म्हणून. कळलं की सुटला."

"मग कळल्यावर काय करायचं, आजी?"

"लुगडं उलटं नेसायचं. आतली बाजू बाहेर. की वाट दिसते."

मी माझ्या स्क्रिप्टकडे बघितलं. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'किंकाळी' लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा. त्या किंकाळीसाठी आम्ही सोसायटीच्या गच्चीवर तालीम केली होती आणि वॉचमनची बोलणी खाल्ली होती. आजी निघून गेल्यावर मी भुताला विचारलं, "साडी उलटी नेसशील?" ती म्हणाली, "रक्त?" रक्त उलट्या बाजूने झिरपून दिसत होतंच, जरा फिकट, जुनं वाटणारं. खरं तर जास्त चांगलं. पण मग साडेदहाचा तो शॉट, ज्यासाठी तिने मुंग्या सहन केल्या, तो आता जुळणार नव्हता. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठून काकूंच्या खोलीत साडी बदलायला गेली. (जागा ठरवताना कपडे बदलायला खोली आणि वापरता येईल असा संडास आहे का, हे कॅमेऱ्याच्या आधी बघा. मुली असोत, मुलगे असोत.)

बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे तिच्या पायांकडे बघत होतो. उलट्या साडीला खाली फॉल दिसतो. रोज प्रत्येक बाईच्या साडीला असतो तो, आतून, कुणाला न दिसणारा. निऱ्यांच्या खाली ती गडद पट्टी, हाताने घातलेले टाके, एका ठिकाणी आईने वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दुरुस्त केलेले. कॅमेरावाला जमिनीवर आडवा झाला आणि लेन्स त्या टाक्यांपाशी नेली. हडळीचे पाय उलटे असतात हे शाळेत असल्यापासून ऐकलेलं. आमच्या भुताचे पाय सरळ आहेत, साडी उलटी आहे, म्हणजे तिने सुटायचा प्रयत्न केलाय आणि तरी ती इथेच आहे. तिला तोंड दाखवायला लावलंच नाही. शेवटचा शॉट फॉलचा आहे.

चार ते सहा एकही टेक दोनच्या वर गेला नाही. का ते मला सांगता येणार नाही, सगळे दमले होते म्हणूनही असेल.

सहा पस्तीसला सूर्य गेला. पॅक-अप म्हणणार तेवढ्यात साउंडवाल्याने हात वर केला, त्याला जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा होता. "अँबियन्स. दोन मिनिटं. कुणी हलू नका." दिवसभराच्या तांबटाच्या बदल्यात त्याला ती दोन मिनिटं देणं भागच होतं. आम्ही पायपुसण्यांवर उभे राहिलो. काकांनी कुत्र्याला आत घेतलं. उजेड खालून वर जात होता, आधी वाट गेली, मग बुंधा. आणि जंगलाच्या बाजूने आवाज सुरू झाला. चक. चक. चक. कुणीतरी लांब फळीवर सावकाश खिळा ठोकतंय असा. भुताने माझं मनगट धरलं. काका दारातून हळूच म्हणाले, "रातवा आहे. पक्षी." तरी तिने हात सोडला नाही. सहा बावन्नला आम्ही गेटबाहेर होतो.

खर्चाचा हिशोब, लागेल कुणाला म्हणून: कॅमेरा आणि दोन लेन्स एका दिवसाला ३,२००, शिवाय १०,००० अनामत, ती परत मिळाली. रेकॉर्डर आणि बूम माइक ९००. ट्रायपॉड, रिफ्लेक्टर, एनडी फिल्टर (लेन्सवरची, उजेड कमी करणारी काच) ७००. गाडी १,८००. आठ जणांचं खाणं-पिणं १,९४०, माकडांचं धरून. मेकअप, रक्त, बांगड्या १,१५०. झेरॉक्स, प्रिंट, नारळ ३१०. वाडीतल्या दादांना ५००. आम्ही पाच जणांनी दोन-दोन हजार काढले होते, वरचे पाचशे आईचे. साडी दोनदा भिजवली, डाग गेला, मानेपाशी किंचित गुलाबी राहिलंय. आई ती आता घरात नेसते. फॉल तिने पुन्हा घातला, सगळा एका रंगाच्या दोऱ्याने.

एडिटला सतरा दिवस लागले, त्यातले दहा आवाजाला. पावलांचे आवाज घरी चादरीवर सागाची पानं पसरून पुन्हा केले. संवाद फारसे नव्हतेच. तांबट एकेक करून काढला. त्याच्या जागी रातवा घातला, तीनच ठिकाणी, तीन फेऱ्यांना. ३ मार्चला आठ मिनिटं चाळीस सेकंदांची फिल्म जमा केली.

१० तारखेला तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी दिवे लावले आणि पहिला प्रश्न विचारला, "येऊरला रात्रीची परवानगी तुम्हाला कशी मिळाली?"

प्रॉडक्शनवालीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी सांगितलं, मिळाली नाही सर, सगळं दिवसा आहे.

सर जरा मागे टेकले. म्हणाले, "हं. म्हणूनच सहाव्या मिनिटाला तांबट ओरडतोय."